घरगुती एस्प्रेसो-यंत्राची पूर्वपीठिका

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन ज्याची सारी नोकरी प्राथमिक शाळेंत गेली आणि जो आतां निवृत्तिवेतनावर साताऱ्यास राहतो, त्यानें इटलींतील एका कॉफीयंत्राचा इतिहास सांगावयास बसावें, हें जरा विसंगत दिसतें खरें. परंतु हा विषय मीं आपण होऊन निवडला नाहीं. चार हजार आठशें रुपयांची पावती घेऊन तो माझ्या घरांत आला.

माझी कन्या सांगलीस दिलेली आहे. लग्नापूर्वीं ती सात वर्षें बंगळूर येथें नोकरीस होती, आणि त्या शहरानें तिला ज्या संवयी लावल्या त्यांत बिनदुधाच्या कडक कॉफीची एक. सांगलीस आल्यावर ती घरूनच कचेरीचें काम करते. परदेशांतील मंडळींशीं बोलणीं असल्यामुळें रात्रीं दहा-अकरापर्यंत तिला बसावें लागतें. गेल्या दिवाळींत मीं तिला एक यंत्र घेऊन दिलें. पेटीवर 'एस्प्रेसो' हा शब्द बोटाएवढ्या जाड अक्षरांत होता, शेजारीं फेसाळ पेल्याचें रंगीत चित्र होतें, आणि किंमत माझ्या आवांक्यांतली होती. एवढ्यावर मी भुललों. "छान आहे हं, बाबा," असें ती दूरध्वनीवर म्हणाली. मार्गशीर्षांत मी सांगलीस गेलों तेव्हां तें यंत्र पुन्हा पेटींत बांधून माळ्यावर ठेवलेलें आढळलें. मीं हट्टानें तें खालीं काढविलें. मग जो पेला समोर आला तो काळाकुट्ट, वर फेसाचा मागमूस नाहीं, आणि चव शेंगा भाजतांना करपलेल्या टरफलांसारखी. मुलगी आजवर कांहीं बोलली नव्हती. बापानें निवृत्तिवेतनांतून आणलेल्या वस्तूला नांव ठेवूं नये, एवढें तिला कळतें, हें मला त्या क्षणीं कळलें. आमच्या विहीणबाई मात्र स्पष्टवक्त्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्या पैशांत घरची वर्षभराची कॉफी झाली असती."

चौतीस वर्षें मीं मुलांना वाफ शिकविली. किटलीच्या झांकणाची आणि जेम्स वॅटची गोष्ट किती वेळां सांगितली याची गणती नाहीं. असें असून या यंत्रांत पाण्याला ढकलतें तें काय, वाफ कीं आणखी कांहीं, हा चौथीच्या मुलानें विचारावा असा प्रश्न मीं दुकानांत विचारला नाहीं. तो उशिरां विचारला. आणि उत्तर शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला, तो आज आपणांपुढें ठेवतों.

कॉफी आपल्याकडे आली ती दक्षिणेकडून. बाबा बुडन नांवाच्या एका साधुपुरुषानें येमेनांतून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लावल्या, अशी सतराव्या शतकांतील कथा आहे. तो डोंगर आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. कथेंत खरें किती तें असो. पुढें त्या मुलखांत मळे झाले आणि कॉफी हें कानडी व तामिळ घरांचें रोजचें पेय झालें. महाराष्ट्राच्या वाट्याला कॉफीचा मुलूख म्हणावा असा एकच आला, तो अमरावती जिल्ह्यांतील चिखलदरा. आपल्या कृष्णाकांठीं ऊस होतो, हळद होते. कॉफी ही बाहेरून यावयाची.

म्हणूनच कीं काय, मराठी घरांत चहा हा रोजचा आणि कॉफी ही मानाची, अशी वांटणी पडली. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं कॉफी होई ती पाहुण्यासाठीं, आजाऱ्यासाठीं, रात्रीं जागणाऱ्या परीक्षार्थ्यासाठीं, आणि एकादशीस. मुंबईच्या पोलसन कंपनीच्या कॉफीचें नांव वडील मंडळींच्या तोंडीं असे. तींत चिकोरी मिसळलेली असे हें त्यांना ठाऊक होतें कीं नाहीं, कोण जाणे. कृति अशी: पातेल्यांत दूध, थोडें पाणी आणि साखर घालून उकळी आणावयाची, पूड टाकून पातेलें उतरवून झांकण ठेवावयाचें, मग गाळून वर जायफळ किसावयाचें. जायफळानें झोंप येते आणि कॉफीनें ती जाते. दोन्ही एका पेल्यांत कशासाठीं, असें मी आईला विचारीत असें. तिनें त्याचें उत्तर कधीं दिलें नाहीं. दक्षिणेकडील पितळी फिल्टरांतही यंत्र म्हणावें असें कांहीं नाहीं. वरच्या भांड्यांतल्या पुडींतून गरम पाणी आपल्या वजनानें खालीं थेंबथेंब उतरतें. तेथें दाब नाहीं. पृथ्वीचें आकर्षण तेवढें.

सार्वजनिक कॉफीचा मराठी मुलखाशीं संबंध आला तो मुंबईंत. कॉफीचा खप वाढावा म्हणून १९३६ सालीं चर्चगेट येथें पहिलें इंडिया कॉफी हाऊस उघडण्यांत आलें. पुढें मंडळानें हीं उपाहारगृहें बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां तेथल्या कामगारांनीं ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानें सहकारी संस्था काढून १९५७ पासून तीं स्वतः चालविलीं. तो इतिहास स्वतंत्र भाषणाचा आहे. आपल्या विषयापुरतें इतकेंच पुरें कीं, तेथेंही पेल्यांत आली ती गाळलेली कॉफी, एस्प्रेसो नव्हे.

मग हा शब्द आपल्या कानीं पडला कोठें? आपणांपैकीं बहुतेकांनीं तो लग्नाच्या मांडवांत ऐकला असेल. जेवणावळीच्या एका कोपऱ्यांत चकचकीत उभें पिंप, त्याला एक नळी, नळीच्या तोंडाशीं दुधाचा पेला, आणि सबंध मांडवास ऐकूं जाईल असा फुस्कारा. पेल्याच्या तळाशीं झटपट विरघळणारी कॉफी आणि साखर घोटून ठेवलेली असते. वाफेनें दूध तापून फुगतें. वर चॉकलेटच्या भुकटीची चिमूट. हिलाच आपण एस्प्रेसो म्हणूं लागलों. ती वाईट असते असें माझें म्हणणें नाहीं. थंडीच्या दिवसांतल्या लग्नांत मी दोनदां घेतों. परंतु एस्प्रेसो-यंत्राचीं कामें दोन: दाबाखालीं पुडीचा अर्क काढणें, आणि वाफेनें दूध फेसाळणें. मांडवांतल्या पिंपानें आपणांस दुसरें तेवढें दाखविलें. फुस्कारा म्हणजेच एस्प्रेसो, ही समजूत तेथून घट्ट झाली; आणि मींही पेटी घेतली ती याच समजुतीवर.

आतां इटलीकडे वळूं. तूरिन शहरांत १८८४ सालीं मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्यांत आंजेलो मोरिओन्दो नांवाच्या गृहस्थानें वाफेवर चालणारें एक कॉफीयंत्र मांडलें आणि त्याच वर्षीं त्याची सनद मिळविली. तें एकदम पुष्कळ कॉफी करी. त्यानें तें कारखान्यांत घालून विकलें नाहीं, म्हणून त्याचें नांव मागें पडलें. मिलानच्या लुईजी बेझेरानें १९०१ सालीं निराळी युक्ति काढली. एका माणसापुरती पूड एका मुठीच्या गाळणींत दाबून भरावयाची, ती यंत्राच्या तोंडाशीं अडकवावयाची, आणि बंद बंबांतल्या वाफेच्या जोरानें गरम पाणी तींतून काढून सरळ पेल्यांत घ्यावयाचें. आजही दुकानांत जी मुठीची गाळणी आपण पाहतों ती या कल्पनेची वंशज आहे. बेझेराचे हक्क देसिदेरिओ पावोनी यानें घेतले, १९०५ पासून यंत्रें बांधावयास घेतलीं, आणि १९०६ च्या मिलान येथील प्रदर्शनांत तीं लोकांपुढें आलीं. 'एस्प्रेसो' शब्दांत तीन अर्थ एकत्र नांदतात: दाबून काढलेली, त्वरेनें झालेली, आणि खास त्या गिऱ्हाइकासाठीं केलेली. तिन्ही या यंत्रास लागू पडत.

पण यंत्रांत एक मूळचें वैगुण्य होतें, आणि तें समजण्यास आपल्या स्वयंपाकघरांतला कुकर पुरेसा आहे. बंद भांड्यांत वाफ कोंडली म्हणजे दाब वाढतो, आणि दाब वाढला म्हणजे पाणी शंभर अंशांवर न थांबतां पुढें तापत जातें. कुकरांत तें एकशेंवीसच्या घरांत जातें, म्हणून तर डाळ लवकर शिजते. बेझेराच्या यंत्रांत वाफेचा दाब सुमारें दीड वातावरणाचा असे. तेवढ्या जादा दाबाखालीं पाणी १२७ अंशांपर्यंत तापतें. आणि कॉफीस काय मानवतें? नव्वद ते शहाण्णव अंश. त्याहून कढत पाणी पुडींतला कडवटपणा आणि करपट वासही ओढून आणतें. (महाबळेश्वरास पाणी उघड्या भांड्यांत साडेपंचाण्णवच्या आसपासच उकळतें, साताऱ्यास साडेसत्त्याण्णववर, म्हणजे महाबळेश्वरच्या मंडळींना निसर्गानेंच सवलत दिली आहे.) पेंच असा झाला कीं, दाब हवा तर उष्णता वाढवावी लागे, आणि उष्णता वाढविली कीं कॉफी जळे, उलट उष्णता आवरावी तर ढकलणारा जोर जाई. वाफ हीच एकमेव शक्ति असेपर्यंत या पेंचांतून सुटका नव्हती. माझ्या मुलीनें माझ्यापुढें ठेवलेला पेला याच पेंचांत सांपडलेला होता.

अल्फोन्सो बियालेत्तीनें १९३३ सालीं काढलेलें 'मोका' नांवाचें अठकोनी ॲल्युमिनियमचें भांडें याच सुमाराचें. गॅसवर ठेवलें कीं खालचें पाणी वाफेच्या रेट्यानें पुडींतून वर चढतें. इटलींतील घरांत तें आपल्याकडील चहाच्या किटलीइतकें रुळलें. त्यांत दाब फार थोडा. फेसाची साय येत नाहीं. पण विजेवांचून चालतें, बिघडण्यासारखें त्यांत एका रबरी कड्यावांचून कांहीं नाहीं, आणि ज्यांस पांच हजारांच्या आंतच भागवावयाचें आहे त्यांनीं वाफेच्या विजेच्या यंत्राऐवजीं हेंच घ्यावें, असें माझें आजचें मत आहे.

पेंच सोडविला तो आकिल्ले गाज्जिया यानें. हा मिलानचा एक कॉफीवाला. १९३८ सालीं त्यानें पहिली सनद घेतली. योगायोग पाहा: झटपट विरघळणारी नेसकॅफे स्वित्झर्लंडांत बाजारांत आली तीही त्याच वर्षीं. एकाच सालीं कॉफीच्या दोन वाटा फुटल्या, एक सर्वांत सोपी आणि एक सर्वांत खटपटीची. आपल्या लग्नमांडवानें पुढें पहिलीला दुसरीचें नांव दिलें. मग महायुद्ध आलें. युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, गाज्जियाचीं तरफेचीं यंत्रें निघालीं. माणसानें दांडा खालीं ओढावयाचा, त्यानें आंतली जोरकस कमान दबावयाची, आणि दांडा सोडला कीं कमानीनें दट्ट्या ढकलून पाणी पुडींतून काढावयाचें. दाब आठ ते दहा वातावरणांपर्यंत गेला. आणि दाब हातानें व कमानीनें मिळूं लागल्यावर पाण्यास उकळीपलीकडे नेण्याचें कारण उरलें नाहीं. उष्णता निराळी झाली, जोर निराळा झाला. या जोरानें पुडींतलें तेल आणि वायु एकजीव होऊन पेल्यावर तांबूस-सोनेरी साय धरूं लागली. इटालियन लोक तिला 'क्रेमा', म्हणजे सायच, म्हणतात. तिच्यापूर्वींची एस्प्रेसो आणि नंतरची एस्प्रेसो या नांवानें सारख्या, जातीनें भिन्न.

राहिलें तें माणसाच्या दंडाचें काम. १९६१ सालीं फाएमा कंपनीच्या 'ई ६१' या यंत्रांत तें विजेच्या पंपानें उचललें. पंप थंड पाणी ओढून सुमारें नऊ वातावरणांच्या दाबानें पुढें सारतो, वाटेंत तें तापतें, आणि पुडींतून बाहेर पडतें. नऊ हा आंकडा तेव्हांपासून जवळजवळ प्रमाण मानला गेला. घरगुती यंत्रांस पंप लाभला तो त्याचें लहान आणि स्वस्त रूप निघाल्यावर. एका वेटोळ्याच्या विद्युच्चुंबकानें मुठींत मावेल एवढा दट्ट्या मागेंपुढें हलवावयाचा. आपल्या विजेवर तो सेकंदास पन्नास वेळां हलतो, म्हणून घरचें यंत्र भुंग्यासारखें गुणगुणतें. १९७७ सालीं गाज्जिया कंपनीनें 'बेबी' नांवाचें घरगुती यंत्र काढलें. आज जीं लहान यंत्रें मध्यमवर्गीय ओट्यावर बसतात, तीं याच कुळांतलीं.

श्रोतेहो, हा इतिहास जमवून झाल्यावर माझ्या ध्यानीं एक गोष्ट आली. बाजारांत आज शेजारीं शेजारीं मांडलेलीं, सारख्याच चकचकीत प्लॅस्टिकचीं, सारख्याच नांवाचीं यंत्रें एका काळचीं नाहींत. चार-पांच हजारांचें यंत्र हें, आंतल्या तत्त्वानें पाहतां, १९०१ सालचें आहे. दहा-बारा हजारांपासून पुढचें १९६१ सालचें आहे. मधल्या सहासात हजारांत साठ वर्षांचें अंतर आहे, आणि तें पेटीवर छापलेलें नसतें.

पौष महिन्यांत संक्रांतीच्या आधीं मी पुन्हा सांगलीस निघालों. मी मुद्दाम आगगाडीनें गेलों. कऱ्हाड स्टेशनाशेजारीं ओगलेवाडी आहे. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं तेथें कांचेचा कारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गेला. माझे पहिले धडे त्याच कंदिलाच्या उजेडांत झालेले आहेत. काच फुटली तर आठवड्याच्या बाजारांत दुसरी मिळे, वात मिळे. म्हणून गरिबाच्या घरीं तो वर्षानुवर्षें टिकला. कारखाना आतां चालत नाहीं. पुढें किर्लोस्करवाडी लागली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास लोखंडी नांगर केला तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढेल असें शेतकऱ्यांना वाटे, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर ही वाडी वसली. नांगर आणि कॉफीयंत्र यांची तुलना कोणी हास्यास्पद म्हणेल. परंतु नवें अवजार दारीं आलें म्हणजे घरांतलीं माणसें जे प्रश्न विचारतात ते तेच असतात: हें आपल्या मातीला चालेल काय, आणि मोडलें तर कोणाकडे जावयाचें? विहीणबाईंनीं मार्गशीर्षांत विचारले ते हेच.

सांगलीच्या पेठेंतील एका दुकानांत मीं पांचसहा यंत्रें मांडावयास सांगितलीं आणि दुकानदारास विचारलें, "यांतलें हें कोणत्या सालचें?"

"एकदम नवीन माल आहे, गुरुजी. याच वर्षीचा. पेटीवर महिना छापलाय बघा."

मीं त्यास तूरिनपासून सुरुवात करून सांगूं लागलों. मुलगी माझी बाही ओढीत होती. पण दुकानदार जुन्या पेठेंतला, माणूस भला. त्यानें पोऱ्याला स्टूल आणावयास सांगितलें आणि ऐकून घेतलें. मग आम्ही तिघांनीं मिळून एक साधी खूण काढली, ती आपणांस सांगतों. ज्या यंत्राच्या डोक्यावर कुकरसारखें फिरवून घट्ट बसवावयाचें झांकण आहे आणि पाणी सरळ त्याच बंबांत ओतावयाचें आहे, तें वाफेचें. ज्याला मागें सुटी निघणारी थंड पाण्याची टांकी आहे आणि तींत नळी बुडते, तें पंपाचें. एवढ्या परीक्षेस कोणतीही विद्या लागत नाहीं.

पंपाच्या यंत्रांवर 'पंधरा बार', 'वीस बार' असे आंकडे मिरविलेले दिसतात. बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब. पेल्याला हवे असतात नऊ. पंधरा हा पंपाचा अधिकांत अधिक जोर झाला; एस. टी.च्या गाडीच्या तबकडीवर १२० पर्यंत आंकडे असले म्हणून ती खंबाटकीच्या घाटांत तेवढ्या वेगानें जात नाहीं. त्या आंकड्यासाठीं एक रुपयाही जास्त देऊं नये. त्यापेक्षां गाळणीच्या आंतली चाळणी पाहावी. स्वस्त यंत्रांत ती दुहेरी बुडाची असते: वरच्या बुडास पुष्कळ भोकें, खालच्यास एकच बारीक. त्या एका भोकांतून कॉफी नेटानें बाहेर फेकली जाते आणि पूड जाडी असो, शिळी असो, फेस दिसतोच. तो फेस देखावा आहे. नवशिक्यास ही सोय बरी. पण पुढें हात बसल्यावर एकेरी बुडाची चाळणी घालतां येईल असें यंत्र निवडावें.

आतां खर्चाची खरी मेख. एस्प्रेसोला यंत्राइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची आहे ती चक्की. पूड किती बारीक, यावर पाणी किती अडेल हें ठरतें, आणि पाणी अडल्यावांचून दाब बनत नाहीं. सुमारें अठरा ग्रॅम पुडींतून पंचवीस-तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास अर्क उतरला म्हणजे ठीक जमलें असें मानतात. दहा सेकंदांत भसकन आला तर पूड जाडी. थेंबही येईना तर पूड फार बारीक. बाजारांतील तयार पूड दळलेली असते ती बहुधा दक्षिणी फिल्टरच्या मापानें, आणि पुष्कळदां चिकोरी मिसळलेली. नियमाप्रमाणें अशा मिश्रणांत निम्म्याहून थोडी अधिक कॉफी असली तरी चालतें. पाकिटावर प्रमाण लिहिलेलें असतें, चष्मा लावून वाचावें. भाजलेल्या बिया आणून घरीं ऐन वेळीं दळणें हाच मार्ग. विजेची चांगली चक्की यंत्राच्या किंमतींत जाते. आम्ही हातानें फिरवावयाची घेतली, तीन हजार दोनशेंना. अठरा ग्रॅम दळावयास दंडाला पुरेसा व्यायाम होतो. यंत्र साडेअकरा हजारांना पडलें. बेरीज चौदा हजार सातशें. त्यांत मार्गशीर्षांतल्या चुकीचे चार हजार आठशें मिळवा. मुलीनें अर्धे पैसे देण्याचा आग्रह धरला. दुकानांत बापलेकींनीं वाद घालूं नये म्हणून मीं तो मान्य केला, आणि खरें सांगावयाचें तर त्या महिन्यांत मला तें सोईचेंही होतें.

पैसे देण्यापूर्वीं मीं प्रभाकर कंदील स्मरून विचारलें, "याचें रबरी कडें झिजलें तर?" गाळणी जेथें अडकते तेथें तें कडें असतें, आणि दीडदोन वर्षांत तें कडक होऊन गळूं लागतें. दुकानदारानें चार कंपन्यांचीं नांवें बाजूला सारलीं आणि एकच पुढें केली. कारण तिच्या कड्यांचा पुडका त्याच्या खणांत होता. आमची निवड तेथें झाली. रूपानें तें सर्वांत ओबडधोबड होतें.

घरीं आल्यावर दोन गोष्टी निघाल्या. यंत्रावर १४५० वॅट लिहिलेलें होतें. २३० व्होल्टनें भागलें तर सहा ॲम्पिअरच्या वर जातें. ओट्यावरच्या लहान खटक्यास तें झेपणारें नव्हे. जांवईबुवांनीं वायरमन बोलावून मोठा खटका बसवून घेतला. दुसरी गोष्ट पाण्याची. आम्ही सातारकर कासच्या तलावाचें पाणी पितों, आमच्या किटलीला क्षार धरत नाहीं. मुलीच्या इमारतींत विंधणविहिरीचें पाणी येतें, तिच्या बादलीला पांढरा थर बसतो. तो थर यंत्राच्या बारीक नळींत बसला तर वर्षाच्या आंत यंत्र मुकें होईल. म्हणून टांकींत पिण्याचें गाळलेलें पाणीच घालावयाचें, आणि दोन-तीन महिन्यांनीं लिंबूसत्त्वाचें पाणी आंतून फिरवून धुवून काढावयाचें, असें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत मीं स्वतः लिहून ठेवलें.

पहिले दोन दिवस पेले बिघडले. तिसऱ्या दिवशीं चक्की दोन घरें बारीक केली, यंत्र तापूं देण्यास दहा मिनिटें दिलीं, आणि अर्क मधासारखा बारीक धारेनें उतरूं लागला. वर साय होती. मुलीनें पेला हातांत घेतला आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. या वेळचें न बोलणें निराळें होतें, एवढें मास्तराला ओळखतां येतें. मला स्वतःला ती कॉफी फार कडू लागली. मीं तींत दूध आणि दोन चमचे साखर घातली.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारीं विहीणबाईंचें हळदीकुंकू होतें. पंचवीसतीस बायका येणार. यंत्रांतून एका वेळीं दोन पेले निघतात, आणि मध्यें तें पुसावें, भरावें लागतें; तें पाहुण्यांच्या उपयोगाचें नव्हे, हें तेथें ठरलें. यंत्रावर फडकें टाकण्यांत आलें, मोठें पातेलें चढलें, आणि विहीणबाईंनीं जायफळ किसलें. बायका गेल्यावर साऱ्याजणी दमून बसल्या होत्या. मुलीनें फडकें काढून सासूबाईंसाठीं एक पेला करावयास घेतला. त्यांनीं उठून गाळणींतल्या पुडीवर चिमूटभर जायफळ टाकलें. मीं हरकत घेतली कीं, त्यानें पाणी अडण्याचें प्रमाण बिघडेल. मुलगी म्हणाली, दुधांत घालूं या. विहीणबाई म्हणाल्या, दुधांत घालायचं तर मग पातेलं काय वाईट होतं? त्या दिवशीं पुडींतच घातलें. पेला उतरावयास एकतीस सेकंद लागले; विहीणबाईंनीं तो गरम असतांनाच संपविला. पुढच्या रविवारीं दुधांत घालून पाहावयाचें ठरलें आहे.